झाड उभं असतानाच लाकूड ओळखा

लाकूड ओळखायची खरी वेळ झाड उभं असतं तेव्हाची. पान, फूल, शेंग, साल, काटा, खोडाचा पीळ, सगळा पुरावा तेव्हा समोर असतो. ओंडका आरा मशीनवर चढला आणि फळ्या पडल्या की निम्म्याहून जास्त खुणा भुशात जातात. मागे राहतो रंग, वास आणि वजन. त्यातला रंग तर पॉलिशवाला हवा तसा करून देतो.

मी सोलापुरात विजापूर रोडच्या बाजूला सुतारकाम करतो. वडील मोहोळकडच्या गावात गाड्या आणि औतं करायचे. त्यांच्याकडे वखारीतून लाकूड कधी आलंच नाही. बांधावरचं झाड बघायचं, मालकाशी बोलायचं, तोडायचं, भिजवायचं, वाळवायचं आणि मग वाकस, म्हणजे लाकूड तासायचं हत्यार, लावायचा. आताची पोरं थेट फळीपासून शिकतात. हात चांगला असतो त्यांचा, मशीनही चांगलं चालवतात, पण बांधावर उभं केलं तर हिवर आणि बाभूळ यांतला फरक सांगता येत नाही. हे लिखाण त्यांच्यासाठी आहे. घर बांधणाऱ्यांसाठी आहे. आणि ज्यांच्या शेतात झाडं आहेत आणि ती सरपणाच्या भावानं जातात, त्यांच्यासाठी तर आहेच.

सोलापूर म्हणजे उजाड मुलूख, इथं कसलं लाकूड, असं लोक म्हणतात. मला ते पटत नाही. भीमा आणि सीना काठची बाभूळ, गावागावातला कडुनिंब, ओढ्याकाठचा शिरस, जुनी चिंच ही पहिल्या दर्जाची लाकडं आहेत. कमी पाण्यावर हळूहळू वाढलेलं झाड बहुधा घट्ट भरतं. अडचण एवढीच की लांबी कमी मिळते आणि खोडं वाकडी असतात.

काटेरी झाडांपासून सुरुवात करा

जिल्ह्यात काट्याचं झाड दिसलं की लोक सरसकट बाभूळ म्हणतात. यात पैशाचं आणि कामाचं, दोन्ही नुकसान होतं. तीन वेगळी झाडं आहेत आणि तिघांचं लाकूड वेगळं आहे.

गावठी बाभळीचं फूल म्हणजे पिवळा धमक गोल गोंडा. शेंग राखाडी, मऊ लव असलेली, दर दोन बियांच्या मधे आवळलेली. काटे पांढरे, सरळ, जोडीनं येणारे. साल काळपट, उभ्या खोल भेगांची. साल टोचली की डिंक येतो. हिचाच एक प्रकार रामकाठी. तिच्या फांद्या पसरत नाहीत, खोडाला धरून सरळ वर जातात, त्यामुळे लांबून झाड उंच आणि अरुंद दिसतं. रामकाठीचा बुंधा सरळ मिळतो. दांडी, जू, कुळवाची हाळीस अशा लांब कामाला आधी ती शोधायची.

वेडी बाभूळ हे परदेशातून आलेलं झाड. ओढे, पडीक रानं, रेल्वेच्या कडा, सगळीकडे तीच माजलेली आहे. तिचं फूल गोंडा नसून लांबट लोंब असते, फिकट पिवळी. शेंग चपटी, पिवळसर, आतून गोड. शेळ्या आवडीनं खातात आणि बी सगळीकडे पसरवतात. खोड बहुतेक जमिनीपासूनच फुटलेलं असतं.

हिवराची साल फिकी, पांढरट. माथा छत्रीसारखा पसरट. पावसाळ्याच्या उत्तरार्धात सगळं झाड मळकट पांढऱ्या तुऱ्यांनी भरून जातं, तेव्हा तर मैलावरून ओळखू येतं.

मागे माढ्याकडून एक शेतकरी आले. म्हणाले, "मिस्त्री, बांधावर पाच-सहा बाभळी आहेत, बघायला चला." मी विचारलं, "मालक, शेंगा कशा आहेत? मधे आवळलेल्या का सपाट?" त्यांना आठवेना. बरोबरच्या मुलानं मोबाईलवर फोटो दाखवला. काळी साल, पिवळे गोंडे, फांद्या सरळ वर गेलेल्या. रामकाठी होती. ते ती सरपणाला देणार होते. मी म्हटलं, "ही जळणाला देऊ नका, बुंधे माझ्याकडे आणा, फांद्या काय त्या जाळा." त्यातल्या दोन बुंध्यांचं लाकूड आज दोन लाकडी घाण्यांत आहे.

बाभळीचं कच्चं लाकूड कापलं की कडेचा भाग पिवळट पांढरा आणि गाभा गुलाबीसर दिसतो. हवा लागली की गाभा तांबडा, मग गडद तपकिरी होत जातो. कुऱ्हाडीचा घाव बसतो तेव्हाच कळतं: ढलपी लांब निघत नाही, जाड आणि आखूड तुटते. वाळल्यावर ते इतकं कठीण होतं की हातानं काम नकोसं वाटतं, म्हणून जाडंभरडं घडण ओलं असतानाच करून ठेवायचं. गाडीच्या चाकाचा मधला तुंबा, त्यातून निघणारे आरे, बाहेरच्या गोलाचे पुठ्ठे सगळे बाभळीचे. वरून तापवलेली लोखंडी धाव बसते, ती गार होताना चाक आवळते, आणि तो ताण सोसायला लाकडात जीव लागतो. कुळवाचं दिंड, रुमणं, तिफणीचे भाग हेही बाभळीचेच. आता गाड्या गेल्या. पण सोलापूर हा करडईचा मुलूख, आणि लाकडी घाण्याच्या तेलाला गिऱ्हाईक परत आलं आहे. घाण्यात फिरणाऱ्या लाटेला बाभूळ उत्तम. तेलात राहून ती आणखी कणखर होते.

बाभळीला किडा लागतो, तो मुख्यतः पांढऱ्या कडेला. त्यावर जुना उपाय म्हणजे ओंडका ओढ्यात किंवा विहिरीत काही आठवडे बुडवून ठेवायचा. लाकडातला गोडवा, पिष्ट म्हणा, पाण्यात उतरतो आणि किड्याला खायला काही उरत नाही. पाणी घाण वास मारतं, काळं होतं, घाबरू नका. बांबूलाही हेच करतात.

वेड्या बाभळीबद्दल मला वेगळं सांगायचं आहे, कारण तिच्यावर अन्याय होतो. लोक तिला फक्त कोळशाच्या भट्टीच्या लायकीची समजतात. तिचं लाकूड तांबूस तपकिरी, जड, आणि वाळताना आश्चर्य वाटेल इतकं कमी आकसतं. सागापेक्षाही कमी हलतं. लांब सरळ तुकडा मिळत नाही हे खरं, दोन-अडीच फूट मिळालं तरी खूप. पण हत्यारांच्या मुठी, कपाटाचे नॉब, लाटणी, पोळपाट, लहान स्टूल, जमिनीवरच्या लाकडी लाद्या यांना ते झकास लागतं. फुकटात पडलेलं लाकूड आहे. नवीन मुलांनी हात बसवायला याच्यासारखं दुसरं नाही.

हिवराचा गाभाही कठीण आणि तांबडा असतो, पण पांढरी कड खूप रुंद. वापरायचं तर कड काढून टाकावी लागते आणि मग हातात उरतं ते थोडंच. खांबाला घ्यावं, पातळ फळ्या काढू नयेत.

एकमेकांशी गल्लत होणारी झाडं

कडुनिंब सगळ्यांना कळतो असं वाटतं, पण बकाण निंब आणि आता शेतकरी लावतात तो मलबार नीम त्याच नावाखाली वखारीत येतात. कडुनिंबाच्या पानाला एकच दांडा आणि त्याला दोन्ही बाजूंनी करवती कडेची पानं. बकाण आणि मलबार नीमचं पान दोनदा फुटतं, म्हणजे मुख्य दांड्याला उपदांडे आणि त्यांना पानं. बकाणाचं फूल जांभळट, आणि पानं गळाल्यावरही पिवळी फळं झाडावर लोंबत राहतात. कडुनिंब चैत्रात पांढरा फुलतो. लाकडात फरक मोठा आहे. मलबार नीम हलका, प्लायवुडला जाणारा. कडुनिंब तांबूस, जड, महोगनीच्याच कुळातला. किडा आणि वाळवी त्याच्यापासून लांब राहतात, म्हणून धान्याची कोठी, देवघर, कपडे ठेवायची पेटी यांना मी कडुनिंब सुचवतो. त्याच्या रेषा मात्र एकदा इकडे, एकदा तिकडे जातात. रंधा एका दिशेनं छान चालतो आणि हातभर पुढं गेलं की तंतू उपटतो. पातं घासून धारदार करा, अगदी बारीक काढा, तिरपा रंधा मारा, नाहीतर शेवटी घासकागदावर निभवा. आरशासारखं पॉलिश त्याच्याकडून मागू नका. जवसाचं तेल दिलं की खुलतो.

शिरस आणि रस्त्याकडेचा पर्जन्यवृक्ष. काळ्या शिरसाच्या शेंगा गवती रंगाच्या, चपट्या, वीतभर लांब, उन्हाळ्यात निष्पर्ण झाडावर वाऱ्यानं खुळखुळतात. पर्जन्यवृक्षाच्या शेंगा काळपट, चिकट गराच्या, फूल गुलाबी, आणि पानं संध्याकाळी मिटतात. शिरसाचा गाभा गडद तपकिरी, काळ्या पट्ट्यांचा, अक्रोडाच्या लाकडाच्या जवळ जाणारा. टेबलाच्या माथ्याला मला तो सागापेक्षा जास्त आवडतो. फक्त त्याचा भुसा नाकात गेला की शिंका थांबत नाहीत, डोळे चुरचुरतात. शिरस कापताना मास्क लावलाच पाहिजे, आणि शक्यतो उघड्यावर कापा.

शिसव आणि शिसम यांतही गल्लत होते. दोघांची पानं गोलसर, आळीपाळीनं आलेली. शिसमच्या पानाला टोक काढलेलं असतं, शिसवीचं बोथट. शिसवीचा गाभा जांभळट, काळ्या रेघांचा. शिसम सोनेरी तपकिरी. शिसव आपल्याकडे सह्याद्रीच्या बाजूनं येते, सोलापूरच्या रानात ती शोधत बसू नका. शिसम मात्र रस्त्याकडेला, कालव्याकडेला लावलेला सापडतो.

साग शेतात लावलेला असतो. त्याचं प्रचंड खरखरीत पान कुणालाही कळतं. शंका असेल तर कोवळं पान तळहातावर चोळा, हात लाल होतो. कोवळ्या फांदीला बोटानं चाचपलं तर ती गोल नसून चौकोनी लागते. ठिबकवर वाढवलेल्या सागात वर्तुळं रुंद आणि पांढरी कड जास्त येते. दहा-बारा वर्षांच्या झाडात गाभा इतका कमी असतो की दाराच्या चौकटीला पुरत नाही. तोडायची घाई करू नका, एवढंच माझं शेतकऱ्यांना सांगणं.

बाकीच्यांबद्दल थोडक्यात. चिंचेचा गाभा काळपट जांभळा आणि फार कठीण, पण लहान. खाटकाचा ओंडका, मोगरी, घाण्याचा तळ यांना चिंच. कडेचा पिवळट भाग किडा आधी धरतो. आंब्याचं लाकूड खोकी, सेंट्रिंग, स्वस्तातलं फर्निचर. तोडल्यावर लगेच चिरलं नाही तर बुरशीनं निळं-काळं पडतं. जांभूळ आणि उंबर पाण्यात टिकतात, म्हणून विहिरीच्या कामाला जायचे. वडाचं खोड कुचकामी, पण जाड पारंबी चिवट असते, तिचं जू होतं. बोरीची मूठ चांगली. निलगिरी कापताक्षणी टोकाला फाटते आणि पीळ खाते. गुलमोहर आणि करंज जळणाला.

फळी हातात आली तर

टोकाचा काप बघा. फळीच्या लांबीवर फसवाफसवी करता येते, टोकावर नाही. पटाशीला चांगली धार लावा, टोकाला थोडं पाणी लावा आणि एक पातळ चकती साफ उतरवा. घासकागद लावू नका, छिद्रं भरतात. मग दहापट दाखवणारं भिंग, घड्याळवाले वापरतात ते, डोळ्याला लावून उजेडात बघा.

सागात वर्षाचं वर्तुळ जिथं सुरू होतं तिथं मोठ्या छिद्रांची एक ओळ दिसते, आणि पुढं छिद्रं लहान होत जातात. काही छिद्रांत पांढरट पिवळा कण अडकलेला असतो. बाभूळ, कडुनिंब, शिरस यांत अशी ओळ नसते, छिद्रं सगळीकडे विखुरलेली. बाभूळ आणि शिरस यांच्या छिद्राभोवती फिकट कडं दिसतं. पाईनमध्ये छिद्रंच नाहीत, फक्त फिकट आणि गडद पट्टे. तुमच्यासमोर 'सागवान' म्हणून ठेवलेल्या फळीच्या टोकाला छिद्रांची ओळ दिसत नसेल, तर बोलणं तिथंच थांबवा.

दुसरी खूण वास. सागाची ताजी ढलपी जुन्या कातड्याचा वास देते आणि बोटाला मेणचट लागते. कडुनिंब कडवट. पाईनला राळेचा वास. तिसरी खूण वजन. कोरड्या सागाचं एक घनफूट साधारण १८ ते १९ किलो भरतं, बाभळीचं २२-२३. एक घनफूट पाणी २८.३ किलोचं असतं, म्हणून त्याहून जड लाकूड बुडतं. अंजन झाडाचं लाकूड बुडतं. दहा-बारा किलोचं घनफूट देऊन कोणी साग म्हणत असेल तर तो साग नाही.

बिबळा नावाच्या झाडाच्या लाकडाची एक सुंदर परीक्षा आहे. गाभ्याच्या चार ढलप्या काचेच्या पेल्यात पाण्यात टाका आणि थोड्या वेळानं उन्हात धरून बाजूनं बघा. पाण्यावर निळसर झाक दिसते. याच लाकडाचे पेले मधुमेहावर म्हणून विकतात. औषधाचं मी काही बोलणार नाही, पण ओळख पटवायला हे पाणी पक्कं आहे.

सोलापूरच्या वखारीत साग म्हणून जे येतं त्यात चंद्रपूर-गडचिरोलीचा साग असतो, आफ्रिका आणि दक्षिण अमेरिकेतला लागवडीचा साग असतो, आणि साग नसलेलंही बरंच असतं. बल्लारशा आणि आलापल्लीच्या सागाला नाव आहे ते उगाच नाही. अयोध्येच्या राममंदिराच्या दारांना चंद्रपूर-गडचिरोलीच्याच जंगलातलं लाकूड गेलं. बर्मा सागाचं नाव आजही घेतात, पण म्यानमारनं २०१४ साली ओंडक्यांची निर्यात बंद केली, तेव्हा 'बर्मा' ऐकलं की कागद मागा. लागवडीचा परदेशी सागही खोटा नसतो. वर्तुळं रुंद, रंग फिका, वजन थोडं कमी. आतल्या फर्निचरला चालतो. उन्हापावसातल्या दाराला मी घेत नाही.

चौकटीला हल्ली 'साल' (झाडाची साल नव्हे, त्या नावाचं लाकूड) किंवा 'हार्डवुड' म्हणून देतात. चौकटीसाठी ते चालतं, पण सागाचा भाव देऊ नका.

जुन्या माळवदाचं लाकूड

आमच्याकडे खेडोपाडी माळवदाची, म्हणजे सपाट मातीच्या छताची, घरं पडतात आणि त्यांच्या तुळया, खांब, तुळयांवरच्या किलचणी निघतात. वरच्या पांढऱ्या मातीखाली आणि चुलीच्या धुरात ती दोन-तीन पिढ्या वाळलेली असतात. यापेक्षा सुकं लाकूड पैसे देऊन मिळत नाही. त्यात साग असेलच असं समजू नका. गरिबाच्या घरात कडुनिंब, बाभूळ, हिवर जे जवळ होतं ते लावलेलं असतं. काळं पडलेलं वरचं अर्धा इंच रंध्यानं काढल्याशिवाय कुठलं लाकूड ते कळत नाही, म्हणून घ्यायच्या आधी टोकाला करवत लावायची परवानगी मागा.

भिंतीत गेलेलं टोक नीट बघा. वाळवी तिथूनच शिरते. पटाशीच्या मुठीनं ठोका. भरीव आवाज आला पाहिजे. आणि मशीनवर चढवण्याआधी लोहचुंबक फिरवा. जुने घडीव खिळे आत तुटलेले असतात, एक खिळा लागला तरी पातं जातं आणि तुकडा उडून डोळ्यात जाऊ शकतो.

सोलापूरच्या हवेत वाळवणं

या गावात सगळ्यात जास्त लाकूड वाळवण्यात वाया जातं. मे महिन्यात पारा ४२-४४ वर जातो, हवेत ओल नसते. ओली फळी उन्हात टाकली की वरचा थर सुकून आकसतो, आतला ओलाच राहतो, आणि लाकूड फाटतं. मग लोक म्हणतात लाकूडच खराब. लाकूड चांगलं होतं.

लाकूड लांबीत जवळजवळ आकसत नाही. रुंदीत आकसतं, आणि वर्तुळाच्या दिशेनं आकसणं हे गाभ्याकडून सालीकडे जाणाऱ्या दिशेच्या सुमारे दुप्पट असतं. सगळं वाकणं, पन्हळी होणं, पीळ खाणं या एका गोष्टीतून येतं. फळीच्या टोकाला वर्तुळं उभी दिसत असतील तर ती फळी कमी हलेल. आडवी कमानदार दिसत असतील तर ती कमानीच्या उलट बाजूला वाकेल. टेबलाचा माथा, दाराची उभी पट्टी यांसाठी उभ्या वर्तुळाच्या फळ्या बाजूला काढून ठेवा.

थप्पी अशी लावा. सावलीत, वारा खेळेल पण थेट लू लागणार नाही अशा जागी, जमिनीपासून फूटभर उंचीवर. दर दीड-दोन फुटांवर इंचभर जाडीच्या सुक्या पट्ट्या, आणि वरच्या थरातली पट्टी खालच्या पट्टीच्या बरोबर वर. पट्टी सरकली की फळी तिथंच वाकते. फळ्यांच्या टोकांना जुना ऑईलपेंट किंवा मेण लावा, कारण टोकातून ओल सगळ्यात लवकर जाते आणि चिरा तिथूनच पडतात. वर दगड ठेवून दाब द्या. उन्हाळ्यात पश्चिमेच्या बाजूला गोणपाट लावा.

इंचाला एक वर्ष असा जुना हिशोब आहे. आपल्याकडे इंची फळी एक उन्हाळा धरून सहा-आठ महिन्यांत कामाजोगी होते. दोन इंचाला तेवढी घाई करू नका. मीटर नसेल तर एक नमुन्याची फळी दर आठवड्याला वजन करा. वजन उतरायचं थांबलं की ती हवेइतकी सुकली. आकडाच हवा असेल तर फळीच्या मधून, टोकापासून दूर, लहान तुकडा कापा, वजन करा, आणि ओव्हनमध्ये १०३ अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत ठेवा. समजा १२० ग्रॅमचा तुकडा १०४ ग्रॅमवर थांबला. १६ ग्रॅम पाणी गेलं, भागिले १०४, म्हणजे १५ टक्क्यांहून थोडी जास्त ओल. आपल्या घरातल्या फर्निचरला ८ ते १२ टक्के हवी. ही फळी अजून थप्पीत जाईल.

दार बसवताना ऋतू बघा. आपला पाऊस थोडा, त्यात सप्टेंबर सगळ्यात ओला. मे महिन्यात घट्ट बसवलेलं दार सप्टेंबरात अडकतं आणि मग लोक खालून रंधा मारतात; उन्हाळ्यात फट पडते. मी मे महिन्यात दोन सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) जागा सोडतो, पावसाळ्यात एक सूत. पॅनलच्या फळीला खोबणीत फेविकॉल लावत नाही, तिला हलायला जागा ठेवतो. सांध्याचं कुसू आणि ते ज्यात बसतं ते भोक यांना तेवढा फेविकॉल.

माप आणि परवानगी

चिरलेल्या लाकडाचं घनफूट काढायला रुंदी इंचात, जाडी इंचात, लांबी फुटात घ्या, गुणा आणि १४४ नं भागा. पाच बाय तीनची सात फुटी पट्टी म्हणजे १०५ भागिले १४४, सुमारे ०.७३ घनफूट. गोल ओंडक्याला मधोमध दोरीनं घेर इंचात घ्या, चारनं भागा, आलेल्या आकड्याचा वर्ग करा, लांबीच्या फुटांनी गुणा आणि १४४ नं भागा. ४० इंच घेर आणि १० फूट लांबी असेल तर १० गुणिले १० गुणिले १० भागिले १४४, जवळपास ६.९४ घनफूट. या पद्धतीत खऱ्या घनफळाच्या साधारण ७८ टक्केच धरलं जातं, चिरताना जाणाऱ्या भागाची सूट त्यातच आली. शेतकऱ्यानं विकताना आणि सुतारानं घेताना कुठल्या पद्धतीनं मोजतोय ते आधी ठरवा. साल धरून घेर की साल काढून, हेही.

झाड स्वतःच्या बांधावरचं असलं तरी साग, आंबा, चिंच, जांभूळ, खैर, चंदन, मोह अशा झाडांना १९६४ च्या वृक्षतोड कायद्याखाली परवानगी लागते आणि वाहतुकीचा पास लागतो. महानगरपालिकेच्या हद्दीत १९७५ चा कायदा आहे, तिथं वृक्ष प्राधिकरणाकडे अर्ज करा. तोडायला थंडी आणि उन्हाळ्याची सुरुवात चांगली. तेव्हा खोडात रस कमी असतो, वाळायला सोपं जातं, किडाही कमी धरतो.

किड्यासाठी बाजारातलं औषध घ्यायचं नसेल तर १०० लिटर पाण्यात २ किलो बोरिक ॲसिड आणि ३ किलो बोरॅक्स विरघळवा आणि ताज्या चिरलेल्या फळ्या त्यात बुडवा. पाणी गरम केलं तर लवकर विरघळतं. बुडवून काढल्यावर फळ्या काही आठवडे प्लास्टिकखाली झाकून ठेवा म्हणजे औषध आत जातं, मगच थप्पी लावा. हे औषध पावसात धुऊन जातं, म्हणून फक्त आतल्या कामाच्या लाकडाला वापरा. बाहेरच्या दाराला गाभ्याचंच लाकूड निवडा, पांढरी कड एक सूतभरही ठेवू नका.